जुन्या गाडीच्या डिकीचे कुलूप

जुन्या मोटारीचा विषय निघाला की बोलणे इंजिनापासून सुरू होते, चाकांवर येते आणि रंगापाशी थांबते. डिकीच्या कुलपाचा आणि मुठीचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. तरीही गेल्या काही महिन्यांत सुरतेतील आमच्या तीन वाचकांनी आम्हांस पत्रे लिहिली ती नेमकी याच दोन वस्तूंविषयी. एकाच्या गाडीची डिकी उघडत नाही, दुसऱ्याची लागत नाही, आणि तिसऱ्याच्या गाडीची मूठ उघडता उघडता हातात आली. तिघांच्याही पत्राच्या अखेरीस प्रश्न मात्र एकच होता : आता ही गाडी मोडीत घालावी काय?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. घरातील जुनी गाडी भंगारात जाते ती दर वेळी इंजिन बसल्यामुळे जाते असे नव्हे. इंजिन उघडणारा मिस्त्री अजून मिळतो. गाडी जाते ती पुष्कळदा अशा लहानसहान गोष्टींनी. डिकी उघडत नाही म्हणून स्टेपनी काढता येत नाही. स्टेपनी हाताशी नाही म्हणून गाडी लांब नेण्याचा धीर होत नाही. लांब जात नाही म्हणून ती अंगणात उभी राहते. आणि उभ्या राहिलेल्या गाडीला वर्षा-दोन वर्षांनी गिऱ्हाईक म्हणून भंगारवालाच तेवढा येतो. म्हणून या महिन्याचे सदर आम्ही या दोन वस्तूंस दिले आहे.

आधी नावाविषयी थोडे सांगितले पाहिजे. मोटारीच्या आरंभीच्या काळात सामानासाठी निराळी जागा नसे. गाडीच्या पाठीमागे लोखंडी पट्ट्यांची जाळी असे आणि तिच्यावर प्रवासाची खरीखुरी पेटी चामड्याच्या वाद्यांनी आवळून बांधीत. अमेरिकेत आजही त्या जागेस ‘ट्रंक’ म्हणतात ते यामुळे. इंग्रज तिला ‘बूट’ म्हणतात. आपल्याकडे रूढ झाला तो शब्द तिसराच. दोन आसनांच्या गाडीच्या मागील बाजूस झाकण उघडले की आणखी एक उघडे आसन निघे, आणि त्यावर नोकर किंवा जादा पाहुणा बसे. त्या आसनाचे इंग्रजी नाव ‘डिकी’. पुढे आसन गेले, झाकण राहिले, आणि झाकणाखालच्या पोकळीस आपण डिकी म्हणत राहिलो. मराठी, गुजराती, हिंदी या तिन्ही भाषांत हा शब्द सारखाच चालतो. कुलपाचे तसे नाही. आपल्या घरात कुलूप आणि किल्ली; उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की ताळुं आणि चावी. त्यांतले कुलूप अरबीतून आलेले, चावी पोर्तुगीजांनी दिलेली. सुरतेसारख्या बंदराच्या गावी यात नवल वाटू नये.

आमच्या वाचकांच्या घरी जी जुनी गाडी असते ती बहुधा फियाट किंवा अँबेसडर. या दोन्ही गाड्यांचा आपल्या या दोन प्रांतांशी जुना संबंध आहे. हिंदुस्थान मोटर्सचा आरंभ १९४२ साली सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील ओखा बंदरी झाला. १९४८ साली तो उद्योग बंगालमध्ये उत्तरपाडा येथे गेला आणि पुढे तेथेच अँबेसडर तयार झाली. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केली आणि कुर्ल्यास कारखाना उभारला. वालचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले, ते मूळच्या सौराष्ट्रातील एका गुजराती जैन कुटुंबात. १९५३ साली त्यांनी देह ठेवला तो गुजरातेत, सिद्धपूर येथे. आपण गुजरातेत राहून मराठी, ते महाराष्ट्रात राहून गुजराती. त्यांच्या कारखान्याची गाडी आपल्या अंगणात उभी असावी, हे नाते आम्हांस तरी गोड वाटते.

फियाट ११०० ही गाडी १९५४ पासून कुर्ल्यास तयार होऊ लागली. १९६४ साली तिचेच डिलाइट हे रूप आले, १९७२ साली प्रीमियर प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून नाव पडले पद्मिनी. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. अँबेसडर २०१४ पर्यंत निघत राहिली. मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सीच्या रूपाने उरली होती. तीही ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली. ही तारीख सुरतेच्या गाडीमालकासही महत्त्वाची आहे. टॅक्सी रोज धावत होती तोवर तिच्या कुलपांना, मुठींना, बिजागऱ्यांना रोजचे गिऱ्हाईक होते, आणि गिऱ्हाईक आहे तोवर दुकानदार माल ठेवतो. यापुढे नवा सुटा भाग मिळेलच हे गृहीत धरता येत नाही. जे आपल्या गाडीवर आहे तेच दुरुस्त करून वापरण्याची विद्या म्हणूनच आता अधिक मोलाची झाली आहे.

आता पहिल्या वाचकांच्या अडचणीकडे वळू. त्यांची डिकी उघडत नाही. किल्ली आत जाते, पण फिरत नाही.

अशा कुलपाची आतली रचना पाहिली म्हणजे निम्मी भीती जाते. किल्ली ज्या गोल गाभ्यात शिरते त्यात पितळेच्या पातळ चौकोनी चकत्या एकामागे एक बसविलेल्या असतात, बहुधा पाच किंवा सहा. प्रत्येक चकतीच्या मधोमध एक खिडकी असते आणि कडेला एक अगदी बारीक स्प्रिंग. किल्ली नसते तेव्हा स्प्रिंगा चकत्यांना बाहेर ढकलतात, त्यांच्या कडा बाहेरच्या कवचातील खोबणीत अडकतात आणि गाभा फिरत नाही. योग्य किल्ली घातली की तिच्या एकेका दात्याने एकेक चकती नेमकी हवी तेवढी आत ओढली जाते, साऱ्या कडा गाभ्याशी सपाट होतात आणि गाभा मोकळा होतो. पाचांपैकी चार चकत्या सरळ आल्या आणि एक केसभर बाहेर राहिली, तरी कुलूप उघडत नाही.

यावरून बिघाडाची कारणे आपोआप सुचतात. एक म्हणजे किल्ली झिजलेली असते. पन्नास वर्षे खिशात आणि जुडग्यात घासलेल्या किल्लीचे दाते गोल होतात, आणि तिच्यावरून केलेली नवी किल्ली तीच झीज घेऊन जन्मास येते. दुसरे कारण म्हणजे मळ. कुलूप जड झाले की घरचा माणूस प्रेमाने त्यात तेल सोडतो. तेल चार दिवस बरे वाटते. मग त्यात धूळ बसते आणि दोहोंचे मिळून चिकट खळ होते. तिसरे कारण म्हणजे गंज. सुरतेस डुमस-हजिऱ्याकडून येणारे खारे वारे, चार महिन्यांचा पाऊस आणि एखाद्या वर्षी तापीचा पूर, या तिन्हींतून गेलेल्या स्प्रिंगा हवे तेव्हा मागे येत नाहीत.

उपाय करताना पहिला नियम असा की बळ वापरू नये. जुनी किल्ली पिळली तर ती आत तुटते आणि एका दुखण्याची दोन होतात. कुलपाच्या भोकात रॉकेल किंवा गंज सोडविणारे पातळ तेल थेंब थेंब सोडावे, रात्रभर मुरू द्यावे, दुसऱ्या दिवशी किल्ली नुसती आतबाहेर करावी, फिरवू नये; बाहेर आलेला मळ फडक्याने पुसून घ्यावा, आणि हे चार-सहा दिवस करीत राहावे. कुलूप मोकळे झाल्यावर त्यात पुन्हा दाट तेल घालू नये. ग्रॅफाइटची कोरडी भुकटी फुंकावी. ती धूळ धरीत नाही. भुकटी मिळाली नाही तर मऊ शिसपेन्सिल किल्लीच्या दात्यांवर चांगली घासून ती किल्ली आतबाहेर केली तरी पुष्कळ काम होते. आत किल्ली तुटलीच असेल तर सोनाराच्या करवतीचे पाते आठवावे. ते इतके बारीक असते की तुटक्या तुकड्याशेजारून आत सरकते, आणि त्याच्या दात्यांनी तुकडा हळूहळू बाहेर ओढता येतो. सोनारांच्या आणि हिरेवाल्यांच्या या गावी ते पाते आणि दहा पटींचे भिंग ही दोन्ही मिळण्यास अडचण पडू नये.

किल्ली हरवलीच असेल तर कुलूप तोडण्यापूर्वी एक गोष्ट शोधावी. बऱ्याच जुन्या गाड्यांच्या कुलपाच्या तोंडावर, किंवा मुठीच्या आतील दांड्यावर, अक्षरे आणि आकडे कोरलेले असतात. तो त्या किल्लीचा क्रमांक होय. किल्ली बनविणाऱ्या जाणत्या कारागिराजवळ त्या मालिकेचा तक्ता असला तर मूळ किल्ली डोळ्यांसमोर नसतानाही तो नवी किल्ली कापून देऊ शकतो, आणि ती झिजलेल्या किल्लीची नक्कल नसून कारखान्यातील मापाची असते. मात्र हा क्रमांक म्हणजे कागदावरची किल्लीच. तो घरच्या वहीत लिहावा. गाडीच्या छायाचित्राबरोबर चार जणांत वाटू नये.

डिकी बंद आणि किल्लीही नाही अशा वेळी पुष्कळ गाड्यांत आतून वाट असते. मागच्या आसनाची पाठ सोडविली आणि तिच्यामागचा पुठ्ठा किंवा पत्रा काढता आला, तर हात डिकीत पोचतो आणि कुलूप आतील बाजूने स्क्रू काढून सोडविता येते. पहार घालून झाकण उचकटणे हा मार्ग आम्ही कोणासही सांगणार नाही. कुलूप वाचत नाहीच, वर झाकणाची कड वाकते, आणि वाकलेले झाकण पुन्हा कधी नीट बसत नाही.

अठवा लाइन्सकडील एका मराठी घरातील हकिकत येथे सांगण्याजोगी आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी फुगली आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला, हे वाचकांस आठवत असेलच. त्या घरची १९६८ सालची फियाट त्या पाण्यात दोन दिवस बुडून होती. यजमानांनी पुढे इंजिन उतरवून धुतले, वायरिंग बदलले, गाडी चालती केली. डिकी मात्र चिखलाने जी बंद झाली ती बंदच राहिली. किल्ली पुराच्या गडबडीत गेली होती. काही वर्षांनी यजमानही गेले. मुलगा पुण्यास नोकरीला, तो सुट्टीत आला की म्हणे, “आई, पत्रा कापू या आणि मोकळे होऊ. नाहीतर गाडीच देऊन टाकू.” आई म्हणत, “देऊन टाकायची असेल तर देऊ. पण आत काय आहे ते पाहिल्यावाचून नाही.”

शेवटी चौटा बाजाराकडून एक म्हातारे चावीवाले आले. त्यांनी हातोडी काढलीच नाही. मुलाने जरा घाई केली तेव्हा ते काकूंकडे वळून म्हणाले, “बा, ताळाने मारवानुं न होय, मनाववानुं होय.” कुलपाला मारायचे नसते, समजूत घालायची असते. त्यांनी मागचे आसन काढविले, पुठ्ठा सोडविला, आत हात घालून चाचपडत कुलपाचे स्क्रू रॉकेलने भिजविले आणि सांगितले की आता पाच दिवसांनी येतो. काकू रोज संध्याकाळी स्वतः रॉकेल सोडीत. सहाव्या दिवशी कुलूप मुठीसकट आतून निघाले आणि झाकण वर आले.

आत तापीचा गाळ वाळून ढेकळासारखा बसला होता. स्टेपनीचे लोखंड गंजून गेले होते. जॅक होता. हत्यारांच्या पिशवीचे चामडे हात लावताच फाटले. यजमान ज्या वहीत गाडीचा सगळा हिशेब लिहीत, पेट्रोल किती, तेल केव्हा बदलले, कोणत्या गावाला किती मैल, ती वहीही तेथेच होती. पण तिची पाने एकमेकांत विरघळून त्यांचा एकच गठ्ठा झाला होता. एक अक्षरही वाचता आले नाही. काकूंनी तो गठ्ठा बराच वेळ हातात धरला. आणि त्या पिशवीच्या तळाशी, एका घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डबीत, मेणकागदात गुंडाळलेली डिकीची दुसरी किल्ली निघाली. जपून ठेवायची म्हणून यजमानांनी ती डिकीतच ठेवलेली होती! काकू हसल्या आणि लगेच डोळे पुसू लागल्या. “यांचं सगळं असंच असायचं,” एवढेच त्या म्हणाल्या.

ती न वापरलेली किल्ली साफ केलेल्या कुलपात पहिल्या फटक्यात फिरली. मुलाने तीवरून आणखी दोन करवून घेतल्या. एक तो पुण्यास घेऊन गेला. गाडी विकण्याचा विषय त्यानंतर त्या घरात निघाल्याचे आमच्या कानावर आलेले नाही. दुसरी किल्ली कोठे ठेवावी, हा बोध मात्र ज्याने त्याने घ्यावा.

दुसऱ्या वाचकांची डिकी लागत नाही. त्यांनी नवे कुलूप शोधण्यासाठी मुंबईचा चोरबाजार पालथा घालण्याचा बेत केला आहे. आम्ही त्यांस जरा थांबण्यास सांगू. न लागणाऱ्या डिकीत दोष कुलपाचा असतोच असे नाही. झाकण बिजागऱ्यांवर किंचित उतरलेले असते, किंवा झाकणाची जीभ ज्या खाचेत बसते ती खाच सरकलेली असते. याची परीक्षा घरी करता येते. जिभेच्या टोकास ओला गेरू लावावा, झाकण हलकेच टेकवावे आणि पुन्हा उचलून पाहावे. गेऱ्याचा ठिपका खाचेच्या मध्यभागी पडला असेल तर ठीक. कडेला पडला असेल तर खाचेचे स्क्रू सैल करून ती तेवढी सरकवावी. बहुतेक गाड्यांत स्क्रूंची भोके लांबट असतात ती एवढ्यासाठीच.

यात रबरी पट्टीचा विचार अवश्य करावा. जुनी पट्टी चपटी होते, म्हणून आपण नवी बसवितो. दुकानात मिळते ती पुष्कळदा मूळच्या पट्टीहून जाड असते. मग झाकण बसत नाही, आपण ते आपटतो, आणि उघडताना मुठीवर दुप्पट जोर लावतो. आमच्या तिसऱ्या वाचकांनी पत्रात सहज लिहून टाकले आहे की मूठ तुटण्यापूर्वी महिनाभर त्यांनी नवी पट्टी बसविली होती. मूठ कशाने तुटली याचे उत्तर बहुधा त्या एका वाक्यात आहे.

आता मुठीविषयी. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांच्या मुठी लोखंडाच्या किंवा पितळेच्या नसून जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. या धातूत जस्ताबरोबर शेकडा चार भाग ॲल्युमिनियम आणि थोडे मॅग्नेशियम असते. अमेरिकेतील न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ साली त्याचे सूत्र बसविले. वितळलेला धातू पोलादी साच्यात दाबाने भरला की नक्षीसकट वस्तू तयार होऊन निघते. काम स्वस्त आणि सुबक, पण धातू ठिसूळ. शिवाय तो सुमारे ३८५ अंश सेल्सियसला वितळतो, तर पितळ वितळण्यास ९०० अंशांच्या वर जावे लागते. हा फरक ठाऊक नसलेला वेल्डर मुठीवर ज्योत धरतो, आणि पाहता पाहता मुठीचा गोळा होतो. म्हणून तुटलेली मूठ कोणाच्या हाती देण्यापूर्वी तो ती कोणत्या धातूची समजतो हे विचारावे. कडेला आतील बाजूस कानशीने किंचित खरवडले तर पितळ पिवळे दिसते, जस्त करडे-पांढरे. जस्ताचा तुकडा सांधावयाचा तर आधी त्यावर तांब्याचा मुलामा देऊन मग कमी उष्णतेच्या कथिलाने डाग द्यावा लागतो, आणि आतून पितळेची पट्टी किंवा खिळा बसवून सांध्यास आधार द्यावा लागतो.

मुठीवर येणारे फोड हाही नेहमीचाच अनुभव आहे. वरचा चकचकीत क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. माणसाचा केस त्याच्या शंभर पट तरी जाड भरेल. त्याच्या खाली निकेल, निकेलखाली तांबे, आणि तांब्याखाली मूळ जस्त. क्रोमच्या सूक्ष्म छिद्रांतून ओल आत जाते, जस्त कुजून त्याची पांढरी भुकटी होते, भुकटीस जागा अधिक लागते, म्हणून ती मुलामा वर उचलते. आपणास दिसतो तो फोड. खाली खड्डा पडलेला असतो. अशा मुठीवर नुसते नवे क्रोम चढवून उपयोग नाही. जुने थर उतरवावे लागतात, खड्डे कोरून स्वच्छ करावे लागतात, मग तांबे चढवून, घासून, पुन्हा चढवून खड्डे भरावे लागतात, आणि त्यानंतर निकेल व क्रोम. पहिले तांबे साध्या आम्लाच्या द्रावणातून देता येत नाही, कारण आम्ल जस्तालाच खाऊन टाकते; त्यासाठी सायनाइडचे द्रावण वापरतात. हे काम घरच्या गच्चीवर करण्याचे नव्हे. सायनाइड जीवघेणे आहे आणि क्रोमच्या कुंडीतील वाफ फुप्फुसाच्या कर्करोगास कारण होते. ज्याच्याकडे वाफ ओढून घेणारा पंखा आणि सांडपाण्याची व्यवस्था आहे अशाच ठिकाणी काम द्यावे. चार पैसे अधिक पडले तरी ते कोणाच्या तरी आयुष्याचे आहेत.

या विद्येस सुरत परकी नाही. आपल्या लग्नाच्या शालूवरची जर ज्या शहरातून येते तेच हे शहर. चांदीची तार ओढून, चपटी करून, धाग्यावर गुंडाळून तिच्यावर विजेच्या प्रवाहाने सोन्याचा मुलामा देण्याची रीत येथे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. जरीवरचे सोने आणि मुठीवरचे तांबे यांचा नियम एकच, आणि तो मायकेल फॅरेडे यांनी १८३० च्या दशकात सांगितला : जितका प्रवाह आणि जितका वेळ, तितका धातू. कुंड्या आणि द्रावणे निराळी, म्हणून जरीवाल्याकडे मूठ नेऊन चालणार नाही. परंतु चांगला मुलामेवाला कोण, हे विचारण्यास त्याच्याइतका जाणकार दुसरा नाही.

मूठ मुलाम्यास देताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. कुलूप आधी काढून घ्यावे, कारण आम्लात बुडालेले कुलूप परत येत नाही. कुलपाचे भोक आणि आटे मेण किंवा लाख लावून बंद करण्यास सांगावे. नाहीतर तांब्याच्या थराने भोक अरुंद होते आणि आपलेच कुलूप आपल्याच मुठीत बसत नाही. आणि गाडी फार जुनी, म्हणजे १९२० च्या दशकाच्या मध्यापूर्वीची असेल, तर तिला क्रोम देऊच नये. मोटारींवर क्रोमचा वापर त्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. त्याआधी निकेल असे. निकेलची झाक किंचित पिवळसर आणि मऊ असते, आणि जाणत्या डोळ्यास फरक दुरून कळतो.

काही मुठी मात्र खरोखरीच हाताबाहेर गेलेल्या असतात. ओतकामाच्या जस्तात शिसे मिसळलेले असेल तर कालांतराने धातू आतूनच तडकतो, फुगतो आणि बिस्किटासारखा चुरा होतो. त्यावर औषध नाही. तेव्हा जुन्या मुठीवरून पितळेची नवी ओतवून घ्यावी. येथेही एक खुबी आहे. पितळ निवताना शेकडा दीड ते दोनने आकसते. दहा सेंटिमीटरच्या मुठीची तशीच नक्कल काढली तर ती दीड-दोन मिलिमीटर आखूड होते आणि झाकणावरच्या जुन्या भोकांशी जुळत नाही. म्हणून साच्यासाठी वापरायच्या नमुन्यावर मेणाचा किंवा पुटीचा थर देऊन तो आधी तेवढा वाढवावा लागतो. देवाच्या मूर्ती ओतणाऱ्या कारागिरास हे सांगावे लागत नाही. म्हणून हे काम मोटारीच्या कारखान्यापेक्षा त्याच्याकडे अधिक चांगले होते.

एवढी यातायात कशासाठी, असे कोणी विचारील. एक उत्तर कायद्यात आहे. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या मोटारींच्या नोंदणीसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, फेरनोंदणीस ५,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे असे ते नियम सांगतात. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या कामास किंवा धंद्यास वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, तसेच इंधन आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. म्हणून जे अजून रोज गाडी चालवितात त्यांनी विचार करूनच या वाटेस जावे. परंतु १९७४ साली नोंदलेली पद्मिनी २०२४ साली पन्नाशीला पोचली, हे ध्यानात घेतले म्हणजे कळेल की आपल्या पुष्कळ घरांसमोर हा प्रश्न आता येणार आहे. आणि तेव्हा ‘मूळ रूप’ या दोन शब्दांत मूठ आणि कुलूपही येतात. झाकणास भोके पाडून बसविलेली नवी कडी आज स्वस्त वाटते, पण ती भोके पुन्हा बुजत नाहीत.

जानेवारी २०२३ मध्ये बडोद्यास लक्ष्मीविलास राजवाड्याच्या प्रांगणात जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला होता. राजेरजवाड्यांच्या गाड्यांपुढे आपल्या फियाटची काय मातब्बरी, असे वाटणे साहजिक आहे. आमचे मत निराळे आहे. राजांच्या गाड्या जपण्यास माणसे आहेत, पैसा आहे. मास्तरांनी, बँकेतल्या कारकुनाने, गिरणीतल्या जॉबरने हप्त्याहप्त्याने घेतलेली गाडी जपण्यास त्यांच्या मुलांखेरीज कोणी नाही. परमुलखात घर मांडलेल्या माणसाने ती गाडी घेतली ती पुष्कळदा दिवाळीला किंवा गणपतीला गावी जाता यावे म्हणून. डिकीत बसत असे ते त्या जाण्यायेण्याचे सामान : जाताना सुरती घारी, येताना भाकरीचे पीठ आणि आजीने दिलेले लोणचे.

तेव्हा आमच्या तिन्ही वाचकांस उत्तर असे. पहिल्यांनी रॉकेल आणि धीर या दोहोंचा आठ दिवस प्रयोग करावा, आणि तोवर किल्ली फिरवू नये. दुसऱ्यांनी मुंबईचे तिकीट काढण्यापूर्वी गेरू लावून पाहावा. तिसऱ्यांनी मुठीचे दोन्ही तुकडे आणि पडलेला चुरासुद्धा एका डबीत भरून ठेवावा, कारण तोच नमुना आहे. आणि जाड पट्टी आजच काढून टाकावी. गाडी मोडीत घालण्याचे कारण तिघांच्याही पत्रांत आम्हांस आढळले नाही.

ज्यांची गाडी धडधाकट आहे त्यांनी मृगापूर्वी एकदा कुलपात ग्रॅफाइट फुंकावे, मुठीच्या बुडाशी पातळ मेण चोळावे, डिकीच्या तळातील पाणी जाण्याची भोके काडीने मोकळी करावीत, आणि पावसाळ्यात गाडी उभीच असली तरी आठवड्यातून एकदा डिकी उघडून वारा खेळू द्यावा.

शेवटी वाचकांस एक विनंती. सुरत, नवसारी, बडोदे किंवा अन्यत्र, जुन्या मोटारींची कुलपे उघडणारा, किल्लीच्या क्रमांकांचे तक्ते बाळगणारा, जस्तावर नीट मुलामा देणारा असा कारागीर आपल्या माहितीत असेल, तर त्याची संमती घेऊन त्याचा पत्ता आमच्याकडे कळवावा. असे बरेचसे कारागीर आता वयस्क आहेत आणि त्यांची मुले दुसऱ्या धंद्यांत गेली आहेत. आलेले पत्ते आम्ही एका वहीत नोंदवून ठेवू आणि विचारणाऱ्या वाचकांस कळवू.